ओढ्यावरची राणी : एका चेक बखरीतल्या प्रसंगाचा अभ्यास

चेक भाषेत लिहिलेली सगळ्यात जुनी बखर 1310 ते 1314च्या सुमारासची आहे. शंभराहून थोडी जास्त प्रकरणं, सगळं पद्यात, दोन-दोन ओळींचं यमक. ओळ मात्र कधी आखूड, कधी लांबलचक, लेखकाच्या मनाला येईल तशी. लेखकाने आपलं नाव कुठेही दिलेलं नाही. सतराव्या शतकात तोमाश पेशिना या धर्मगुरू-इतिहासकाराने ती दालिमिल नावाच्या एका जुन्या धर्मगुरूच्या खात्यावर टाकली. ते चूक असल्याचं पुढे लक्षात आलं, पण तोवर नाव चिकटलं होतं. आजही चेक अभ्यासक तिला ‘तथाकथित दालिमिलची बखर’ म्हणतात. इथे सोयीसाठी लेखकाला दालिमिल म्हणू.

बखर सुरू होते चेक लोकांच्या मूळपुरुषापासून आणि संपते लेखकाच्या स्वतःच्या काळात. मधे दंतकथा, संतचरित्रं, लढाया, राजांची भांडणं असं सगळं एका दोरीत ओवलेलं. अशा ग्रंथाकडे बघायची आपली एक सवय असते: सुरुवातीचा भाग ‘कथा’ म्हणून बाजूला ठेवायचा आणि तारखा सुरू झाल्या की ‘इतिहास’ म्हणून वाचायला लागायचं. या सवयीत काय निसटतं हे बघण्यासाठी या लेखात एकच प्रसंग घेतला आहे. तो धड दंतकथाही नाही आणि धड इतिहासही नाही, म्हणूनच तो निवडला.

प्रसंग असा. चेक मुलखावर राज्य करणाऱ्या प्रेमिस्ल घराण्याचा राजपुत्र ओल्डरिख पोस्तोलोप्र्ती गावावरून चालला आहे. ओढ्यात एका शेतकऱ्याची पोर उभी आहे. पाय अनवाणी, अंगावर जेमतेम कपडा, धुणं धुते आहे. तिचं नाव बोझेना. ओल्डरिख तिच्यावर भाळतो आणि तिला बायको करून घेतो. सरदारांना ही सोयरीक पसंत पडत नाही. ते त्याला बोल लावतात. त्यावर तो जे उत्तर देतो, ते या सगळ्या बखरीतलं सर्वांत प्रसिद्ध भाषण आहे.

उत्तराचा पहिला भाग कुळाबद्दल आहे. आपण सगळे एकाच बापापासून आलो, ज्याच्या बापाकडे चांदी जास्त तो खानदानी म्हणवला जातो. शेतकऱ्यांचे सरदार होतात आणि सरदारांच्या पोटी पुष्कळदा शेतकरी निपजतात. दुसरा भाग जर्मनांबद्दल. एखादी जर्मन राजकन्या राणी म्हणून आणण्यापेक्षा मला चेक शेतकऱ्याची शहाणी लेक बरी, असं तो म्हणतो. प्रत्येकाचं काळीज आपल्या भाषेच्या माणसांसाठी तुटतं. जर्मन बाईला माझ्या रयतेची माया कमीच असणार. ती येताना माहेरची जर्मन माणसं घेऊन येईल, माझ्या पोरांना जर्मन शिकवील. मग भाषेत फूट पडेल आणि त्यापाठोपाठ मुलखाचा सत्यानाश ठरलेलाच.

ओल्डरिख हा खरा माणूस. 1012 ते 1034 या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, बोहेमियाची, म्हणजे चेक मुलखाची, गादी त्याच्याकडे होती. बोझेनाही खरी. दालिमिलच्या आधी दोनशे वर्षं कोस्मास नावाच्या प्रागच्या धर्मगुरूने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इतिवृत्तात, 1052 या वर्षाखाली, ओल्डरिखची पत्नी आणि ब्रेतिस्लावची आई बोझेना मरण पावली अशी नोंद आहे. म्हणजे माणसं खरी, नातं खरं. भाषणाचं काय?

कोस्मासने काय लिहिलं होतं

कोस्मास 1125 साली वारला. प्रागच्या मुख्य चर्चच्या धर्मगुरुमंडळाचा तो प्रमुख होता आणि त्याला बायको होती. त्या काळी तिथे याचं कुणाला फारसं वावडं नव्हतं. ओल्डरिखच्या मृत्यूला तो लिहायला बसला तेव्हा नव्वदेक वर्षं होऊन गेली होती. अगदी सुरुवातीच्या काळाबद्दल तो मोकळेपणाने सांगतो की हे म्हाताऱ्या माणसांच्या रचलेल्या गोष्टींवरून घेतलं आहे. सालवार नोंदी तो 894पासून सुरू करतो. म्हणजे तोही दंतकथा आणि इतिहास एकत्रच बांधतो, पण सांधा कुठे आहे ते दाखवतो.

त्याच्याकडे हा प्रसंग थोडक्यात उरकला आहे. ओल्डरिखला लग्नाच्या बायकोपासून मूल नव्हतं. शिकारीहून परतताना एका खेड्यात त्याला विहिरीवर धुणं धुणारी बाई दिसली. त्याने तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि तो पेटला. पुढे तिच्या सौंदर्याचं वर्णन येतं, त्या काळच्या लॅटिन पंडिताला शोभेल असं: बर्फाहून गोरी, हंसाहून मऊ, जुन्या हस्तिदंताहून चकचकीत. मग माणसं पाठवून त्याने तिला उचलून आणलं. पहिलं लग्न मोडलं नाही, कारण त्या काळी ज्याला हवं त्याने दोन-तीन बायका करायची मुभा होती आणि दुसऱ्याची बायको पळवणं पाप समजलं जात नसे, असा खुलासा कोस्मास स्वतःच करतो.

हा शेवटचा खुलासा मला फार बोलका वाटतो. बोझेना ‘क्रेसिनाची’ होती, एवढंच मूळ लॅटिन सांगतं. क्रेसिनाची मुलगी की बायको, यावर अभ्यासकांत वाद आहे. दुसऱ्याची बायको पळवण्याबद्दलचं वाक्य लगेच पुढे यावं, यावरून कोस्मासला काय माहीत असावं याचा अंदाज बांधता येतो. तसं असेल तर जुन्या गोष्टीतली बाई विवाहित होती.

दालिमिलने ती अडचण एका फटक्यात मिटवली. त्याची बोझेना कुमारिका आहे. ओल्डरिखची पहिली वांझ बायको गोष्टीतून नाहीशी झाली आहे. उचलून आणणं गेलं, लग्न आलं. विहिरीचा ओढा झाला, नुसत्या खेड्याला गावाचं नाव मिळालं. हे सगळे बदल कुठलाही चांगला कथेकरी करील असेच आहेत. पण सरदारांचा आक्षेप आणि त्यावरचं भाषण कोस्मासकडे नावालाही नाही. ते पूर्णपणे नवं आहे.

आणि ते कुणाच्या तोंडी घातलंय ते पाहण्यासारखं आहे. कोस्मास सांगतो की ओल्डरिखला लहानपणीच जर्मन सम्राटाच्या दरबारी पाठवलं होतं. तिथल्या रीतीभाती, तिथले डावपेच आणि जर्मन भाषा शिकण्यासाठी. म्हणजे जर्मन बायको आली तर पोरांना जर्मन शिकवील म्हणून धास्तावणारा हा बाप स्वतः जर्मन दरबारात वाढलेला. दालिमिलपुढे कोस्मासचा मजकूर होता. बखरीचा मोठा भाग त्याच्यावरच उभा आहे. हा तपशील त्याच्या नजरेतून सुटला असेल असं मला वाटत नाही. गोष्टीत तो बसत नव्हता, म्हणून गाळला, हे जास्त पटतं.

एक वाक्य एका पिढीतून दुसऱ्या पिढीत

भाषण नवं असलं तरी त्यातला भाषेचा मुद्दा अगदीच हवेतून आलेला नाही. कोस्मासकडे भाषेचा उल्लेख आहे, पण तो पुढच्या पिढीच्या गोष्टीत.

ओल्डरिख आणि बोझेना यांचा मुलगा ब्रेतिस्लाव. त्याने 1021 साली, कोस्मासच्या सांगण्यानुसार, श्वाइनफुर्टच्या यित्काला मठातून पळवलं. ती मोठ्या जर्मन घराण्यातली. मठाच्या दरवाजाला आडवी लावलेली जाड साखळी त्याने तलवारीच्या एका घावात तोडली, ही त्या गोष्टीतली लाडकी जागा. पण सरळ मागणी का घातली नाही? कोस्मासचं उत्तर असं की ब्रेतिस्लावने जर्मनांचा जन्मजात गर्व ध्यानात घेतला; ते स्लाव लोकांना (चेक त्यांतलेच) आणि त्यांच्या भाषेला सदैव तुच्छ लेखतात हे त्याला माहीत होतं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवू. कोस्मासकडे भाषेचा अपमान हे जर्मन मुलगी पळवून आणण्याचं कारण आहे. दालिमिलकडे भाषेची काळजी हे जर्मन मुलगी न आणण्याचं कारण आहे. मुलाच्या लग्नातला सल बापाच्या लग्नात जाऊन बसला आणि जाताना उलटा झाला. दालिमिलने हे असंच, ठरवून केलं असं सिद्ध करता येत नाही. पण नवं भाषण लिहिताना त्याच्या मनात कोस्मासचं ते वाक्य घोळत असणार, एवढं म्हणायला हरकत नाही.

गंमत म्हणजे त्याने यित्काची गोष्टही ठेवली आहे, साखळीसकट. वडील जर्मन राणीवर एवढं बोलले आणि मुलाने जाऊन जर्मनच बायको आणली, यात त्याला काही विसंगत दिसत नाही. पळवून आणलेली मुलगी ही पराक्रमाची खूण, मागून आणलेली राणी म्हणजे संकट. पुढचे सगळे प्रेमिस्ल राजे याच यित्काचे वंशज. तिचा थोरला मुलगा स्पितिह्नेव 1055 साली गादीवर आला आणि त्याने देशातल्या सगळ्या जर्मनांना हाकलून दिलं. कोस्मास लिहितो की त्या हाकललेल्यांत त्याची आईही होती.

1306 ते 1314

मग हे भाषण कुठून आलं? त्याचं उत्तर अकराव्या शतकात शोधून सापडत नाही. लेखक जगत होता त्या आठ-दहा वर्षांत ते सगळं पडलेलं आहे.

4 ऑगस्ट 1306 रोजी ओलोमोउत्स इथे तरुण राजा तिसरा वात्स्लाव याचा खून झाला. त्याला मुलगा नव्हता. चारशेहून अधिक वर्षं चाललेलं प्रेमिस्ल घराणं पुरुषवंशात संपलं. पुढच्या चार वर्षांत गादीवर करिंथियाचा हाइनरिख आला, त्याला बाजूला सारून हाब्सबुर्ग घराण्याचा रुडॉल्फ आला, तो 1307मध्ये वारला आणि हाइनरिख परत आला. दोघेही जर्मन.

याच धामधुमीत, फेब्रुवारी 1309मध्ये, प्राग आणि कुत्ना होरा इथल्या श्रीमंत नागरिकांनी थेट देशातल्या बड्या सरदारांनाच पकडलं. कुत्ना होराच्या चांदीच्या खाणी तेव्हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी होत्या. तिथले खाणमालक आणि प्रागचे व्यापारी बहुतेक जर्मन भाषक. पैसा त्यांच्याकडे, पण राजा निवडण्यात त्यांना आवाज नव्हता. पकडलेल्यांत लिपाचा यिंद्रिख होता, म्हणजे त्या काळचा सगळ्यात वजनदार सरदार. सुटकेसाठी सरदारांना दोन मोठ्या गोष्टी कबूल कराव्या लागल्या: राजाच्या निवडीत नागरिकांना वाटा आणि सरदारांच्या मुलांची नागरिकांच्या मुलांशी लग्नं. सुटल्यावर सरदारांनी यातलं जवळपास सगळं फिरवलं, हा भाग निराळा.

या पार्श्वभूमीवर ओल्डरिखचं उत्तर परत वाचा. ज्याच्या बापाकडे चांदी जास्त तो खानदानी. हे वाक्य एरवी मोठं समतेचं वाटतं आणि शेतकऱ्याच्या पोरीला राणी करणारा लेखक उदार मनाचा वाटतो. पण 1309नंतर चेक सरदारांच्या बैठकीत हे वाचलं गेलं तर? चांदीच्या जोरावर सरदारांच्या पोरींना मागणी घालणारे कोण, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकाच वाक्यात लेखक चांदीवाल्यांना खिजवतो आणि सरदारांनाही टोमणा मारतो, की तुमचं खानदानही जुन्या चांदीचंच आहे. शेतकऱ्यांबद्दलचा कळवळा बखरीत इतरत्र फारसा दिसत नाही. बोझेना शेतकऱ्याची आहे यापेक्षा ती चेक आहे, हे लेखकाच्या लेखी मोठं.

1310च्या उन्हाळ्याअखेरीस श्पायर इथे शेवटच्या राजाची बहीण एलिश्का हिचं लग्न तेव्हाच्या जर्मन राजाचा मुलगा योहान याच्याशी लावलं गेलं. ती अठरा वर्षांची, तो नुकता चौदा पूर्ण केलेला. लक्झेंबर्ग घराण्यातला हा मुलगा डिसेंबरात फौजेसह प्रागमध्ये शिरला आणि 7 फेब्रुवारी 1311ला त्याला मुकुट चढवला गेला. तो चढवला जर्मनीतल्या माइन्झच्या आर्चबिशपने, कारण प्रागला तेव्हा स्वतःचा आर्चबिशप नव्हता. परदेशी माणसांना देशातली पदं देणार नाही, असं वचन सरदारांनी नव्या राजाकडून लिहून घेतलं होतं. तरी राजाभोवती सल्लागार म्हणून जर्मन सरदार आणि तोच माइन्झचा आर्चबिशप. सरदारांच्या दबावाखाली राजाला या माणसांना 1315मध्ये परत पाठवावं लागलं. बखर त्याच्या आधी वर्षभर संपते. म्हणजे ती लिहिली जात होती तेव्हा हा वाद अगदी ऐन रंगात होता.

राजा जर्मन बायको आणील ही ओल्डरिखच्या गोष्टीतली भीती. प्रत्यक्षात झालं होतं उलट: चेक राजकन्या घरात होती आणि नवरा बाहेरून आला होता. लेखकाने जुनी गोष्ट त्या मापाला कापली नाही. पण ‘तिची माहेरची माणसं येतील’ हे ऐकताना श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राजाचे सल्लागार आले नसतील, हे मला अशक्य वाटतं.

तीन ठिकाणी एकच इशारा

हा प्रसंग एकटा नाही. बखरीच्या आरंभी लिबुशे ही भविष्य सांगणारी राजकन्या आहे. बाईने न्याय देणं पुरुषांना खुपतं, ते राजा मागतात. कोस्मासची लिबुशे त्यांना सांगते की राजा म्हणजे काय ते कळतंय का? तो तुमची पोरं, गुरं, शेतं घेईल. हे थेट बायबलमधल्या शमुवेल या संदेष्ट्याच्या इशाऱ्यावर बेतलेलं आहे. तिच्या दृष्टीने धोका ‘राजा’ हाच. दालिमिलच्या लिबुशेच्या तोंडी आणखी काही येतं. समाज हे प्रत्येकाचं कुंपण आहे. कुंपण गमावलं तर गडाच्या भरवशावर राहू नका. परका तुमच्यावर राज्य करू लागला तर तुमची भाषा फार दिवस टिकणार नाही. मग ती त्यांना स्तादित्से गावात बैलजोडी जुंपून नांगरणाऱ्या प्रेमिस्लकडे पाठवते. घराण्याचा मूळपुरुषही शेतकरी. ओल्डरिखने शेतकऱ्याची लेक केली तर त्यात नवल काय, असा धागा दालिमिलने न बोलता जोडून ठेवला आहे.

तिसरी जागा अगदी शेवटी. तिथे दंतकथेतलं पात्र नाही, लेखक स्वतःच्या आवाजात सरदारांना बजावतो: पुन्हा कधी राजा निवडायची वेळ आली तर जंगल ओलांडून वाकडं लाकूड आणायला जाऊ नका, याचा अर्थ तुमचा तुम्ही ओळखा, आपल्या भाषेतलाच प्रमुख धरा. बोहेमियाच्या सीमांवर तेव्हा चहूकडे दाट अरण्य होतं, त्यामुळे जंगलापलीकडे म्हणजे कुठे हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

आरंभी लिबुशे, मधे ओल्डरिख, शेवटी स्वतः. शेवटचा इशारा एकटा असता तर तो एका चिडलेल्या माणसाचं मत ठरला असता. आधी दोन पूर्वजांनी तो दिलेला असल्यामुळे तो परंपरेचा हुकूम वाटू लागतो. दालिमिलच्या बखरीत दंतकथेचं हे खरं काम आहे. तारखा असलेल्या अलीकडच्या काळात त्याला असं मोकळं रान नव्हतं; दुसरा ओताकार या प्रेमिस्ल राजाला 1278च्या लढाईत मरताना पाहिलेल्या माणसांची मुलं त्याच्या श्रोत्यांत होती. ओताकारने गावं आणि शहरं जर्मनांना दिली, असा राग तो तिथेही काढतो, पण तिथे तो आरोप म्हणून राहतो. ओल्डरिखच्या तोंडी काहीही घालता येत होतं.

याची काळी बाजू झाकायचं कारण नाही. याच बखरीत जर्मनांची कापलेली नाकं आणणाऱ्याला चांदी देणारा राजपुत्र कौतुकाने रंगवला आहे. ओढ्यावरच्या प्रसंगाचे गोडवे गाणारे लोक पुढच्या शतकांत पुष्कळ झाले; नाकांचं प्रकरण त्यांना बहुधा आठवत नसावं.

चेक, जर्मन, लॅटिन

लेखक प्रस्तावनेत सांगतो की लोक परक्या गोष्टी हौसेने ऐकतात आणि आपल्या मुलखाच्या गोष्टींकडे दुर्लक्ष करतात. मग तो आपले आधार मोजतो: प्रागची, ब्रेव्नोवची, ओपातोवित्सेची, विशेह्रादची अशी इतिवृत्तं, आणि सगळ्यांत भरवशाचं म्हणून स्तारा बोलेस्लावच्या एका म्हाताऱ्या धर्मगुरूकडचं. बोलेस्लावचं ते इतिवृत्त आज उपलब्ध नाही. कोस्मासकडे नसलेलं सगळं त्यातून आलं असं मानायचा मोह होतो, पण भाषणाची भाषा इतकी 1310च्या आसपासची आहे की ते तिथून आलं असेल असं मला वाटत नाही.

चेकमध्ये लिहिणं हाच मुळात पक्ष घेणं होतं. त्याच वर्षांत, त्याच घटनांवर, प्रागजवळच्या झ्ब्रास्लाव मठात लॅटिन इतिवृत्त लिहिलं जात होतं. त्याचा मुख्य लेखक जर्मन भाषक मठाधिपती झित्ताउचा पेत्र. आणि त्याची सहानुभूती राणी एलिश्काकडे. ते आजही इतिहासकारांना जास्त उपयोगी पडतं. पण सरदाराच्या दिवाणखान्यात वाचून दाखवायला ते कामाचं नव्हतं.

तरीही दालिमिल ज्यांच्यावर घसरला त्यांनीच त्याला उचललं. 1340च्या दशकात या बखरीचं जर्मन पद्य भाषांतर झालं, पुढे जर्मन गद्यही आलं. प्रागमध्ये दोन-तीन पिढ्या राहिलेल्या जर्मन भाषकाला लिबुशे आणि प्रेमिस्ल आपल्याच शहराचे पूर्वज वाटत असणार; चेक भाषेचा असणं आणि चेक मुलखाचा असणं या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. लॅटिनमध्येही भाषांतर झालं. त्याची बारा पानं, इटालियन धाटणीच्या सुरेख चित्रांसकट, 2005 साली पॅरिसमध्ये लिलावाला आली तेव्हाच अभ्यासकांना या लॅटिन रूपाचा पत्ता लागला. चेक राष्ट्रीय ग्रंथालयाने ती विकत घेतली. एवढी महागडी प्रत चौदाव्या शतकात बनवून घेणारा दरबाराशी संबंधित असणार. म्हणजे परक्या राजघराण्याविरुद्ध लिहिलेली बखर बहुधा त्याच घराण्याच्या वर्तुळात शोभेची वस्तू झाली.

मूळ इशारा मात्र सुटा होऊन फिरत राहिला. 1437मध्ये चेक गादीवर असलेला सम्राट सिगिस्मुंड वारला आणि पुन्हा राजा निवडायची वेळ आली, तेव्हा जुन्या बखरींतून जर्मनांविरुद्धचे उतारे वेचून एक लहान पुस्तिका तयार झाली. तिचा मोठा आधार दालिमिल. निवडला गेला तो हाब्सबुर्गचा आल्ब्रेख्टच. 1620 साली पावेल येशीन याने बखर पहिल्यांदा छापली. देशात तेव्हा हाब्सबुर्गविरुद्ध बंड चालू होतं आणि पाचच वर्षांपूर्वी चेक भाषेच्या रक्षणाचा कायदा झाला होता. बंडखोरांनी गादीवर बसवलेला फ्रेडरिक मात्र जर्मन राजपुत्र होता. 8 नोव्हेंबरला बिला होराच्या लढाईत बंड मोडलं आणि छापलेल्या बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या.

जिथे ही वाचनाची रीत चालत नाही

इथवर वाचून बखरीतली प्रत्येक भर म्हणजे राजकारण असं कुणाला वाटेल, तर तो समज खोडायला बायकांच्या युद्धाचं आख्यान पुरेसं आहे. कोस्मासकडे ती हलकीफुलकी गोष्ट: मुलींनी एक गड बांधला, तरुणांनी समोर दुसरा, तह झाला, तीन दिवस खाणंपिणं झालं आणि शेवटी प्रत्येकाने एकेक मुलगी पळवली. दालिमिलने याचं कित्येक प्रकरणांचं रक्तबंबाळ आख्यान केलं. लिबुशे मेल्यावर व्लास्ता नावाची तिची सखी बायकांची सेना उभारते. त्या सेनेतली शार्का झाडाला बांधून घेऊन रडत बसते, जवळ मधाचं मद्य आणि रणशिंग ठेवलेलं. त्स्तिराद नावाचा शत्रुपक्षाचा योद्धा तिला सोडवतो, मद्य पितो, कुतूहलाने शिंग फुंकतो आणि दडलेल्या बायका तुटून पडतात. त्याला चाकावर हाडं मोडून मारलं जातं. शेवटी व्लास्ता लढताना पडते आणि उरलेल्या बायकांना गडावरून खाली फेकतात.

यात जर्मन नाहीत, परका राजा नाही, कुत्ना होराची चांदी नाही. एलिश्का आणि तिच्या नवऱ्यातल्या पुढच्या बेबनावाचं सूचन यात कुणी शोधू पाहील, पण तारखा जुळत नाहीत. ते भांडण बखर संपल्यानंतरचं. सरदारांना स्त्रीराज्याचा धसका होता असं म्हणावं, तर 1306नंतर गादीचा हक्क राजघराण्यातल्या स्त्रियांमार्फतच नवऱ्यांकडे गेला आणि सरदारांनी तो मुकाट मान्य केला. मला या प्रकरणांत श्रोत्यांना रात्रभर जागं ठेवायला निघालेला कथेकरीच दिसतो. त्याला त्स्तिरादची गोष्ट आवडली होती, म्हणून त्याने ती लांबवली.